पाणंदीची वई बघायला कुठून सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की हिंजवडीत नोकरी, पौडच्या पुढे एका गावात घर घेतलंय, घरामागून पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट, जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली जुनी वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण, आहे, आठ वर्षांची मुलगी रोज एक नवा किडा दाखवून नाव विचारते आणि तुम्हाला दोघांनाही एकही नाव येत नाही. तर कुठलं पुस्तक घेऊ, कुठला कॅमेरा घेऊ, आणि मुलीला अळी घरी आणून वाढवायचीय, तर चालेल का.

पुस्तक आणि कॅमेरा आत्ता बाजूला ठेवूया, कॅमेऱ्याचं नंतर बघू. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि माझ्या माहेरी सासवडच्या बाजूला शेताची अशीच एक वई आहे, साधारण दोनशे पावलांची, ती मी गेली बावीस वर्षं जमेल तशी दर आठवड्याला चालत आलेय. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली, किड्याच्या मागे धावायचं नाही, झाड धरायचं. किडा उडून जातो, झाड तिथंच असतं. आणि बहुतेक अळ्यांचा पत्ता एखाद्या ठरावीक झाडाचाच असतो, ते झाड ओळखता आलं की अळी कुठं शोधायची ते आपोआप कळतं, मग अळीवरून फुलपाखरू, फुलपाखरावरून त्याला खाणारा, असं सगळं एकेक उलगडत जातं. मुलीनं किडा दाखवला की "याचं नाव काय" च्या आधी "हा कुठल्या झाडावर बसला होता" हे विचारायची सवय लावा, अर्धं काम तिथंच होतं.

पाणंदीतला एक तुकडा ठरवा, शंभर पावलांपेक्षा जास्त नको. त्यातली दहा झाडं ओळखायला शिका, आणि त्यासाठी गावातच विचारा, गुरं घेऊन जाणाऱ्या एखाद्या आजींना किंवा शेजारच्या मामांना. मला रानातल्या निम्म्या झाडांची नावं कॉलेजात नाही, शेतावर खुरपणी करणाऱ्या बायकांनी शिकवली. गावागणिक नाव बदलतं, आमच्याकडे घाणेरी म्हणतात तीच दुसरीकडे टणटणी, तर ऐकलेली सगळी नावं वहीत लिहून ठेवा. पौडच्या बाजूच्या वईत साधारणपणे निवडुंग, मोगली एरंड, निर्गुडी, घाणेरी, करवंद, चिल्हार, रुई, एरंड, आणि त्यांच्यावर चढलेल्या गुळवेल, रानतोंडली, उतरण, गुंज, शतावरी अशा वेली सापडायला हरकत नाही, खाली पायाशी टाकळा, आघाडा, केना, कुर्डू, एकदांडी. माझी वई कोरड्या पट्ट्यातली, तिथं तरवड, हिवर, बोर, घायपात जास्त. पुणे शहरात वर्षाला साधारण ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तुमच्याकडून पुढे ताम्हिणीकडे जाल तसा तो कितीतरी पटीनं वाढत जातो, तेव्हा माझी यादी तुमच्याकडे जशीच्या तशी लागू होणार नाही, तुमची तुम्हीच करायची.

आता सुरुवात कुठल्या झाडापासून, तर रुईपासून. शनिवारी मारुतीला पानांची माळ घालतात तीच रुई. ती बाराही महिने हिरवी असते, कुणी तोडत नाही, गुरं खात नाहीत, आणि एका झुडपावर इतकं काही चाललेलं असतं की मी विद्यार्थ्यांना पहिला पूर्ण तास फक्त रुईसमोर उभं करायचे. कोवळी पानं हळूच उलटून बघा. पांढरट, मोहरीपेक्षाही लहान, उभट मण्यासारखं एकच अंडं दिसलं तर ते बहुतेक प्लेन टायगर फुलपाखराचं, त्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात. ते तीन-चार दिवसांत फुटतं. अळी मोठी झाली की चुकायला जागाच नाही, अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, मध्ये पिवळे ठिपके, आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या, एक पुढे, एक मध्ये, एक शेपटीकडे.

ही अळी खाताना बघायला मिळाली तर दहा मिनिटं हलू नका. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो हे आपल्याला माहितीये, त्या चिकात एखाद्या लहान अळीचं तोंड चिकटून ती मरूही शकते. तर ही काय करते, आधी पानाची मधली शीर मागच्या बाजूला कुरतडते, चीक तिथून निथळून जाऊ देते, आणि मग पुढचा भाग, जिथं आता चीक पोचत नाही, तो आरामात खाते. शिरेवर तसा कुरतडलेला डाग आणि त्याच्या पुढे खाल्लेलं पान, ही खूण एकदा ओळखता आली की अळी दिसायच्या आधी तुम्हाला कळतं की ती इथंच कुठंतरी आहे. चिकातलं विष ती अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं, म्हणून कडवा हे नाव, आणि म्हणूनच ते फुलपाखरू इतकं सावकाश उडतं, त्याला पक्ष्यांची घाई नसते.

त्याच रुईवर पिवळाधमक मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असतो, मावा असला की त्याच्या आसपास लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतातच. लाल-काळे ढेकूण शेंगांवर जमतात. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा रंगीत नाकतोडा असतो, त्याचं पिल्लू हातात धरलं की ते अंगातून चिळकांडी मारतं, तर मुलीला सांगून ठेवा, तोंड जवळ नेऊ नको. फुलांवर मोठा काळा भुंगा येतो, त्याचे पाय भिंगातून बघता आले तर पायाला अडकलेली छोटी पिवळसर जोड-पिशवी दिसते, ती रुईची परागांची पिशवी, रुई सुटे पराग देतच नाही, असं गाठोडंच पाठवते.

इथंच आणखी एक गंमत सांगते, जी मला स्वतःला कळायला चार पावसाळे लागले. वईवर उडणारं प्रत्येक केशरी फुलपाखरू प्लेन टायगर नसतं. डॅनेड एगफ्लाय नावाचं दुसरं फुलपाखरू आहे, त्याच्या मादीनं हुबेहूब प्लेन टायगरचा वेष घेतलेला असतो, ती स्वतः विषारी नाही पण पक्षी फसतात आणि सोडून देतात. नर मात्र वेगळाच, काळाभोर आणि त्यावर पांढरे गोल. मादी ओळखायची खूण मागच्या पंखावर, प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला मधले ते ठिपके नसतात, वरच्या कडेला एक असतो. आणि तिची अळी रुईवर शोधू नका, ती खाते घोळ, आपण भाजी करतो ती घोळ. म्हणजे पुन्हा तेच, उडताना सारखी दिसणारी दोन फुलपाखरं खाली दोन वेगळ्या झाडांनी वेगळी होतात.

दुसरं झाड घ्या एरंड. पान जिथं देठाला जुळतं तिथं देठावर दोन बारीक फुगीर गाठी असतात, भिंग लावा, त्यातून गोड रसाचा थेंब येतो आणि मुंगी तो पीत असते. फूल नाही, काही नाही, पानाच्या देठावर साखर. झाड मुंग्यांना का पाजतंय, तर त्या पानावर फिरत राहतात आणि वाटेत अंडी-अळ्या दिसल्या तर उचलतात. टाकळ्यालाही अशा गाठी आहेत, खालच्या पानांच्या जोडीच्या मध्ये बारीक दांडीसारख्या. बाभळीच्या फांदीवर मुंग्यांची रांग दिसली तर तिथं बहुतेक दुसरा प्रकार असतो, खोडाला चिकटलेले, काट्यासारखे दिसणारे छोटे शिंगाळे किडे, ते रस शोषतात आणि मुंग्या त्यांच्या मागून येणारा गोड थेंब घेतात. टाकळ्यावर ग्रास यलो नावाची पिवळी छोटी फुलपाखरं अंडी घालतात, एरंडावर कॅस्टर नावाची तपकिरी फुलपाखरं, लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावर आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी आणि नंतर हिरवी होणारी अळी, पावसाळ्यात फुललेल्या कळलावीवर काळी-पांढरी-तांबडी भडक अळी, बांडगुळावर जेझेबेल फुलपाखराची अळी. ही यादी फार लांबवत नाही, ती तुमची तुम्ही वाढवाल.

आता घाणेरी आणि गाजरगवत. घाणेरी इंग्रजांनी कुंपणाला आणि शोभेला म्हणून आणली आणि ती सगळीकडे माजली, तिच्या फुलांवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरंय, फूल ताजं असताना पिवळं आणि मग गुलाबी होत जातं, आणि बघत बसलात तर लक्षात येईल की फुलपाखरू सोंड पिवळ्यातच घालतं, मध तिथंच असतो. पण पानं उलटा, खाणारं फारसं कुणी सापडत नाही. गाजरगवताचंही तेच, १९५० च्या दशकात ते आपल्या पुण्यातच ठळकपणे नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं, त्याला खाणारं इथं कुणी नव्हतं म्हणून १९८४ साली मेक्सिकन भुंगेरा मुद्दाम आणून बेंगळुरूला सोडला, आता तो आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतो, फिकट पिवळसर पाठ आणि तिच्यावर तपकिरी वेलांट्या. माझं स्पष्ट मत आहे, वई जुनी आहे की नवी हे उंचीवरून ठरवू नका, किती पानं कुरतडलेली आहेत त्यावरून ठरवा. भोकं पडलेली, गुंडाळलेली, गाठी आलेली पानं म्हणजे ती वई जिवंत आहे. नुसत्या ग्लिरिसिडियाचं हिरवंगार, एकही भोक नसलेलं कुंपण बघितलं की मला वाईट वाटतं.

बघायची पद्धत सांगते. सकाळी सात-साडेसातला गेलात तर दवात किडे गारठलेले असतात, हलत नाहीत, अगदी जवळ जाता येतं, आणि आठनंतर ऊन वर आलं की फुलपाखरं पंख पसरून शेकायला बसतात. शंभर पावलांना एक तास लागला पाहिजे. आपली सावली किड्यावर पडू देऊ नका, सावली पडली की तो गेलाच. कॅमेऱ्याच्या पैशांत आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, आणि ते वापरायची रीत अशी की भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि पान भिंगाकडे आणायचं, सगळे जण भिंग पानावर धरतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात. घरात फिक्या रंगाची जुनी छत्री असेल तर ती उलटी उघडून फांदीखाली धरा आणि फांदीला काठीनं दोनदा हलकेच टकटक करा, छत्रीत जे पडतं ते बघून मुलगी आठवडाभर तेच बोलत राहील, बघून झालं की तिथंच झुडपात परत सोडायचं.

फोटोला मोबाईल पुरतो. फक्त किड्याचा फोटो वरून, बाजूनं, आणि तो ज्या पानावर आहे त्या पानाचा वेगळा, पानाच्या दोन्ही बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल-फळ असेल तर तेही. हे सगळं आयनॅचरलिस्ट या ॲपवर टाकलंत तर ओळखणारी माणसं भेटतात. ॲप आपण होऊन जे पहिलं नाव सुचवतं ते मात्र लगेच खरं मानू नका, कधीकधी ते अमेरिकेतला किडा सांगतं, मग झाड बघा, ते झाड त्याचं आहे का ते बघा. आणि वही ठेवाच. तारीख, वेळ, झाड, झाडाचा कुठला भाग, किडा काय करत होता. नाव माहीत नसलं तर "निर्गुडीवरचा हिरवा, मिशा लांब" एवढं लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अकरा वर्षांनी ओळखता आली, फोटो नव्हता, पण झाड लिहिलेलं होतं म्हणून.

एक गोष्ट जी तुम्ही याच पावसाळ्यात मुलीला दाखवू शकता, ती म्हणजे केना. निळी फुलं सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटून विरघळल्यासारखी होतात, ते सगळ्यांना दिसतं. रुंद पानांचा जो केना शेतात तण म्हणून माजतो त्याचं एक रोपटं मुळासकट हळूच उपटा, माती झटका, खाली पांढरट बारीक कोंब दिसतील आणि त्यांच्या टोकाला छोट्या पिशव्या. ती पण फुलंच आहेत, जमिनीखालची, कधीच न उमलणारी, तिथल्या तिथं बी धरणारी. शेतकरी वैतागून म्हणतो केना कितीही उपटा परत येतो, त्याचं एक कारण हे.

पावसाळा सुरू होताना, मृग लागला की, मातीवर मखमली लाल मृगाचा किडा दिसेल. मुलीला पाय मोजायला लावा, आठ भरतील, म्हणजे तो कीटक नाहीच, गोचीड-कोळ्यांचा भाऊबंद. सप्टेंबर-ऑक्टोबर हे फुलपाखरांचे महिने. थंडीत पानं झडली की घरटी दिसायला लागतात, काटकीवर चिकटवलेलं मातीचं गोल मडकं दिसलं, बोराएवढं, तर ते कुंभारमाशीचं, आत तिनं डंख मारून बधिर केलेल्या अळ्या भरलेल्या असतात आणि तिचं पिल्लू त्या खाऊन वाढतं. फुलोरी मधमाशीचं पोळंही झुडपातच असतं, फांदीला धरून एकच तळहाताएवढं पोळं. तिच्या पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर बघा, चकचकीत चिकट पट्टे दिसतील, ते ती झाडांचा डिंक आणून लावते, मुंग्या त्यावरून येऊ शकत नाहीत. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी फांदीला डांबर लावलंय. मधमाश्यांचं आणखी जाणून घ्यायचं असेल तर केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे, १९६२ पासून.

सोबत लहान मूल आहे म्हणून हे नीट वाचा. वईत हात घालायचा नाही, आधी काठी, पायात बूट, घोणस आणि फुरसं दोन्ही अशाच जागी असतात. रुई, शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, पान हाताळलं की हात धुवायचे, डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि थेट डॉक्टर गाठा. गुंजेच्या लाल-काळ्या बिया, धोतरा, मोगली एरंडाच्या बिया, कळलावीचा कंद, हे सगळं विषारी आहे, गोळा करून खिशात ठेवायचं नाही, तोंडात तर नाहीच. खाजकुयलीची सोनेरी लव असलेली शेंग लांबूनच बघा, लव लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटून काढा. केसाळ अळ्यांना आणि काळ्या-नारिंगी ब्लिस्टर बीटल भुंगेऱ्याला बोट लावायचं नाही, फोड येतात.

आणि एक विनंती. पाणंद रस्ता रुंद करायचा निघाला की जेसीबी येतो आणि एका सकाळी वई जाते. आमच्याकडे एका ठेकेदारानं रस्त्याला लागत नव्हती ती पलीकडची बाजूही साफ केली, सव्वाशे पावलं, त्यात तीन जुनी करवंदं आणि उतरणीचा मांडव होता, मी दुपारी पोचले तोवर ढीग पेटवला होता. पुढच्या वर्षी तिथं एकदांडी आणि गाजरगवत. तुमच्या गावात असा विषय निघाला तर ग्रामसभेत आधीच बोला, एक बाजू तरी ठेवा, आणि छाटायचीच असेल तर पावसाळा आणि दिवाळी उलटून गेल्यावर, तीही एका वर्षी निम्मी. वही दाखवा. आपल्याकडे वहीत लिहिलेलं असतं तेव्हा लोक ऐकतात, माझ्या उरलेल्या पंचाहत्तर पावलांच्या तुकड्याला त्यानंच वाचवलं.

आता मुलीच्या अळीचं. वाढवा, पण एकच, आणि ती रुईवरची प्लेन टायगरची, कारण तिचं खाणं बारा महिने मिळतं. मोठी काचेची बरणी, तोंडाला मलमलीचा कपडा आणि रबर, तळाला कागद, आत एक तिरकी काटकी. रोज रुईचं ताजं पान, त्याच झुडपाचं, ज्यावर फवारणी होत नाही. अळीला बोटानं उचलायचं नाही, ती ज्या पानावर आहे ते पानच हलवायचं. लेंड्या रोज काढायच्या, नाहीतर बुरशी येते. दीड-दोन आठवड्यांनी ती खाणं सोडेल, काटकीला किंवा कपड्याला शेपटीनं लटकेल, इंग्रजी जे सारखी वाकेल आणि एका दिवसात हिरवट नाहीतर गुलाबीसर कोष होईल, त्यावर सोनेरी टिकल्या. मग साधारण आठवडाभर बरणीला हात लावायचा नाही. कधी कोषातून फुलपाखराऐवजी माशीची अळी बाहेर येते, तिच्या आईनं आपली अंडी आधीच या अळीवर घातलेली असतात, तसं झालं तर मुलीला खरं ते सांगा आणि तेही वहीत लिहा. नाहीतर एका संध्याकाळी कोष पारदर्शक दिसायला लागेल, आतले केशरी पंख घडी घातलेले दिसतील, म्हणजे उद्या सकाळी लवकर उठायचं. बाहेर आल्यावर पंख ओले, चुरगळलेले असतात, तास-दोन तास ते लटकून राहतं, त्या वेळात बरणी हलवू नका. पंख उघडझाप करायला लागले की बरणी घेऊन पाणंदीत जा, ज्या रुईवरून अळी आणली होती त्याच रुईपाशी, आणि कपडा काढा.